शेजारी देशांत पेट्रोल स्वस्त, आपल्याकडे महाग: हा हिशोब मांडायचा कसा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही लागेल. तुम्ही जुळे सोलापुरातून डिसेंबरात घरच्या गाडीने पशुपतिनाथाला निघणार आहात. घरच्या ग्रुपवर एक तक्ता आला. भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश अशी नावं, पुढे लिटरचा भाव भारतीय रुपयांत, आणि सगळ्यांत महाग आपण. त्यावरून तुम्ही विचारलंत की नेपाळ-भूतानला पेट्रोल आपणच देतो, मग त्यांना स्वस्त आणि आपल्याला महाग कसं? आणि जाता जाता, टाकी नेमकी कुठे भरायची?

विजापूर रोडवर आमचा पंप आहे, वडिलांच्या काळापासून. कर्नाटकची हद्द इथून तासाभराच्याही आत येते, त्यामुळे हद्दीपलीकडचा भाव आमच्या गल्ल्यात रोज दिसतो. देशांमधली तुलना आणि दोन राज्यांमधली तुलना यांत चलन सोडलं तर फारसा फरक नाही, म्हणून मी घरापासूनच सुरुवात करतो.

त्याआधी एक. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. बोर्डावरचा आकडा कुठे कमी आहे, हा पहिला. तो आकडा तिथल्या माणसाच्या खिशाला किती जड आहे, हा दुसरा. आणि आकडा कमी असेल तर उरलेले पैसे कोण भरतंय, हा तिसरा. ग्रुपवरचे तक्ते फक्त पहिल्याचं उत्तर देतात आणि वाचणारा तेच बाकी दोघांचं समजून मोकळा होतो. तक्ता खोटाच असेल असं नाही. बऱ्याचदा आकडे बरोबर असतात, निष्कर्ष हुकतो.

आता घरचं उदाहरण. सोलापूरहून विजापूरकडे निघालात की टाकळीपाशी भीमा लागते. पूल ओलांडला की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीच्या तोंडावर केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी केलं. कर्नाटकाने त्यावर आपल्या करातले आणखी ७-७ रुपये सोडले, महाराष्ट्राने तेव्हा काही सोडलं नाही. मुंबईत डिझेल ९४ रुपये १४ पैसे आणि बंगळूरला ८५ रुपये १ पैसा, असा फरक पडला. सोलापुरात पुढे जे व्हायचं ते झालं. विजापूरकडे जाणारे ट्रक आमच्या पंपावर हवा भरायला थांबायचे आणि ‘पुढं बघतो’ म्हणून निघून जायचे. अगदीच टाकी तळाला गेली असेल तर पाचशेचं टाकायचे, पूल ओलांडण्यापुरतं.

मग जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला, पेट्रोलवर २९.८४ टक्के आणि डिझेलवर १८.४ टक्के. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा कर २१.१७ टक्क्यांवर गेला. डिझेलमधला तो फरक जवळजवळ पुसला गेला आणि जुनी गिऱ्हाइकं परत दिसायला लागली. या सगळ्या काळात तेल तेच होतं, कंपन्या त्याच होत्या, टँकर तसेच पाकणीच्या डेपोतून भरून येत होते. हललं काय, तर दोन राज्य सरकारं ठरवतात तो कर. त्या काळात कुणी ‘धुळखेडला तेल स्वस्तात तयार होतं’ असं म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात. नेपाळबद्दल मात्र आपण नेमकं तसंच बोलतो.

आपल्या बोर्डावरच्या आकड्यात काय काय असतं ते एकदा उघडून बघू. समजण्यासाठी कंपनीचा भाव लिटरला ५३ रुपये धरा. तो कच्च्या तेलाबरोबर आणि डॉलरबरोबर वरखाली होतो, आजचा आकडा म्हणून घेऊ नका. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क मिळवा. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर पेट्रोलवर ते २१ रुपये ९० पैसे झालं. बेरीज ७४.९०. त्यात आमचं कमिशन, साधारण ४ रुपये ४० पैसे धरू. झाले ७९.३०. आता या सगळ्यावर महाराष्ट्राचा २५ टक्के व्हॅट (राज्याचा विक्रीकर), म्हणजे १९.८३, आणि त्याच्यावर लिटरमागे ठोक ५.१२ रुपये. एकूण १०४ रुपये २५ पैशांच्या घरात. यातले जवळपास ४७ रुपये कर आहे. कमिशनचा आकडा पाहून लोक म्हणतात, पंपवाल्याला काय कमी आहे. त्याच चार रुपयांत वीज, पोरांचे पगार, कार्ड मशीनचा खर्च आणि उन्हाळ्यातली घट बसवायची असते. असो, तो विषय वेगळा.

या मांडणीतली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. केंद्राचा कर लिटरमागे ठरावीक रुपयांत असतो, राज्याचा टक्क्यांत, आणि तो केंद्राच्या करावरही बसतो. म्हणून मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ रुपये कमी केले तेव्हा जाहीर झालेली प्रत्यक्ष घट साडेनऊ रुपयांची होती. वरचा दीड रुपया राज्याच्या टक्केवारीतून आपोआप सुटला. ही घोषणा शनिवारी संध्याकाळी झाली आणि भाव रात्रीत बदलले. ज्या पंपवाल्यांच्या टाकीत जुन्या शुल्काचा माल भरून ठेवला होता त्यांना तो रविवारी सकाळी नव्या भावाने विकावा लागला.

नेपाळकडे येतो. नेपाळात पेट्रोल-डिझेल आणण्याचं काम तिथल्या सरकारी नेपाळ आयल निगमकडे आहे आणि ते सगळं आपल्या इंडियन ऑइलकडून घेतात. पुरवठ्याचा करार १९७४ पासूनचा. सप्टेंबर २०१९ पासून बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पाइपलाइनही चालू आहे. या मालाचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराशी बांधलेल्या सूत्राने ठरतो आणि महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला, नवा दर जातो. त्यात आपलं उत्पादन शुल्क नसतं आणि बिहारचा व्हॅटही नसतो, कारण ती निर्यात आहे. सहसा कुठलाही देश निर्यातीच्या मालावर घरचा कर लावत नाही, आपली सोलापुरी चादर परदेशात गेली तरी नियम तोच. म्हणजे ‘आपण त्यांना स्वस्तात देतो’ हे वाक्य चूक आहे. आपण त्यांना बिनकराचं देतो. सीमेपलीकडे गेल्यावर नेपाळ सरकार स्वतःचा कर लावतं: सीमाशुल्क, १३ टक्के व्हॅट, रस्ते दुरुस्ती, पायाभूत सुविधा, प्रदूषण अशा नावांनी. तो कर आपल्यापेक्षा कमी असेल तेव्हा बोर्ड स्वस्त दिसतो.

भूतानचं गणितही याच पद्धतीचं, फक्त देश आठ लाखांच्याही आतल्या वस्तीचा आहे आणि सरकारला जलविद्युत विकून भारताकडून चांगलं उत्पन्न मिळतं. पेट्रोलवर आपल्याएवढा कर बसवायची त्यांना गरज पडलेली नाही. पण त्याच भूतानने ऑगस्ट २०२२ मध्ये परकीय चलन वाचवायला बहुतेक वाहनांची आयात बंद केली होती. पेट्रोल स्वस्त, पण तेव्हा नवी गाडी घेता येत नव्हती. तक्त्यात हा रकाना नसतो.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुम्हाला फेब्रुवारी २०२१ मधला तो मजकूर आठवत असेल, राज्यसभेतल्या एका खासदारांनी टाकलेला आणि मग देशभर फिरलेला: रामाच्या भारतात पेट्रोल ९३, सीतेच्या नेपाळात ५३, रावणाच्या लंकेत ५१. आमच्या पंपावर तो महिनाभर तरी रोज कुणीतरी दाखवत होतं. त्यातला नेपाळचा आकडा चूक होता, खरा भाव आपल्या रुपयांत सत्तरीच्या जवळ होता. तरी तो आपल्यापेक्षा बराच स्वस्त होता हे खरं, आणि बिहारमधल्या सीमेवरच्या गावांतून लोक पलीकडे जाऊन टाक्या भरत होते हेही खरं. लंकेचा आकडा मात्र बरोबर होता. तिथे ९२ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा दर्जा सांगणारा आकडा) पेट्रोल १३७ श्रीलंकन रुपये होतं, आपले ५१ च.

तोच तक्ता सोळा महिन्यांनी, जून २०२२ मध्ये मांडून बघू.

नेपाळात २० जूनला पेट्रोल लिटरला १९९ नेपाळी रुपये झालं. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, तो हलत नाही. भागून बघा, १२४ रुपये ३८ पैसे. त्याच आठवड्यात मुंबईत पेट्रोल १११ रुपये ३५ पैसे होतं आणि सोलापुरात त्याच्याच आसपास. म्हणजे ‘सीतेचं’ पेट्रोल आपल्यापेक्षा तेरा रुपयांनी महाग. दिल्लीशी ताडलं तर २७-२८ रुपयांनी. सीमेवरची रांग उलट्या दिशेने लागायला लागली. दीड वर्षात नेपाळात नेमकं काय बदललं? फार काही नाही. बाजारात तेल चढलं आणि निगमला तोटा सोसवेना, म्हणून चढलेला भाव ग्राहकावर टाकावा लागला.

लंकेचं आणखी बोलकं आहे. तिथे १३७ चा भाव सरकारने धरून ठेवला होता. सरकारी तेल कंपनी तोट्यात माल विकत होती आणि देशाकडचे डॉलर संपत चालले होते. जून २०२१ मध्ये भाव पहिल्यांदा वाढला, १५७ झाला. पुढे डॉलरच संपले तेव्हा सगळं एकदम आलं, आणि २६ जून २०२२ ला ९२ ऑक्टेन ४७० श्रीलंकन रुपये झालं. ऐकायला भयंकर वाटतं. तोपर्यंत त्यांचा रुपयाही इतका घसरला होता की आपल्या पैशांत ते १०२-१०३ रुपयेच भरत होते. म्हणजे लंका पेट्रोलसाठी रांगेत मरत होती त्या आठवड्यातही ग्रुपवरच्या तक्त्यात ती आपल्यापेक्षा स्वस्तच दिसली असती! फरक एवढाच की पेट्रोल नव्हतं. दोन आठवडे फक्त अत्यावश्यक सेवांना विक्री झाली. नंतर क्यूआर कोडवर कोटा आला, सुरुवातीला दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५ आणि कारला २०. आमच्या पंपावर चार लिटर तर कॉलेजची पोरं दोन दिवसांत उडवतात.

म्हणून मी तक्ता आणणाऱ्याला आधी विचारतो, या भावाने पाहिजे तेवढं मिळतं का? मिळत नसेल तर तो आकडा बाजारभाव म्हणता येत नाही.

पाकिस्तानचं प्रकरण मधलं. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी तिथल्या सरकारने भाव १० रुपयांनी उतरवून १४९ रुपये ८६ पैशांवर बजेटपर्यंत गोठवायची घोषणा केली. सरकार बदललं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्ज थांबवलं, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत तीन दणक्यांत भाव २३३ रुपये ८९ पैशांवर गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ३३१ च्या वर होता. आपल्याकडे टीव्हीवर ‘पाकिस्तानात पेट्रोल ३३१ रुपये’ म्हणून टाळ्या पिटल्या गेल्या. ते पाकिस्तानी रुपये होते. त्या वेळच्या विनिमय दराने आपले ९३ च्या आसपास, म्हणजे तेव्हाही मुंबईच्या १०६ पेक्षा कमीच. एकाच आकड्यावरून एक ग्रुप ‘ते बघा किती स्वस्त’ म्हणतो आणि दुसरा ‘ते बघा किती महाग’ म्हणतो. पहिला चलन बदलून घेतो, दुसरा घेत नाही, आणि तिथल्या माणसाची कमाई दोघंही बघत नाहीत.

आपण यातून सुटलोय असंही नाही. कागदावर पेट्रोलचा भाव जून २०१० पासून आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ पासून मुक्त आहे, आणि १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलायचा असतो. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने आमचा बोर्ड हलला नाही. मधे पाच राज्यांच्या निवडणुका होऊन गेल्या. मार्च २०२२ मध्ये गाडी सुटली ती पंधरवड्यात दहा रुपयांनी चढली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा थांबली. त्या दिवसांत थेट कंपनीकडून मिळणारं घाऊक डिझेल मुंबईत १२२ रुपयांवर गेलं होतं आणि पंपावर ते ९४ ला होतं. त्यामुळे कारखान्यांची, बसवाल्यांची गिऱ्हाइकी एकदम किरकोळ पंपांवर आली. टँकर दुपारी खाली केला की रात्री डिप काठी (टाकीतला साठा मोजायची काठी) टाकून बघावं लागायचं, सकाळपर्यंत पुरतंय का. भाव धरून ठेवला की पैसे कुठून तरी जातातच. आपल्याकडे ते तेल कंपन्यांच्या ताळेबंदातून गेले, आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या तोट्यापोटी सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना २२,००० कोटी दिले. लंकेसारखी पाळी आली नाही कारण आपल्याकडे डॉलरचा साठा होता आणि देशाची गरज भागून उरेल एवढ्या रिफायनऱ्या आहेत.

बांगलादेशाचं एका दमात सांगतो. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये पेट्रोल ८६ टाकावरून एका रात्रीत १३० टाका झालं. आपल्या पैशांत १०८ च्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या बरोबरीला. वाढ करताना सांगितलेल्या कारणांत डिझेल सीमेपलीकडे, म्हणजे आपल्याकडे, झिरपण्याचा धोकाही होता. शिवाय तिथे बोर्डावर ‘पेट्रोल’ आणि ‘ऑक्टेन’ असे दोन भाव असतात. ‘ऑक्टेन’ म्हणजे वरच्या दर्जाचं. तक्ता बनवणारा त्यातलं कोणतं उचलतो यावर पाच टाकांचा फरक पडतो.

दर्जावरून आठवलं. लिटर म्हणजे सगळीकडे लिटर असं आपण धरून चालतो. इथेनॉलचं प्रमाण वाढण्याआधी आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, पाकिस्तान आणि लंकेचं ९२ चं. हा फरक किरकोळ आहे, सोडून द्या. पण आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. त्यातलं बरंचसं आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमधून निघतं, म्हणून इथे याविषयी वाईट बोलायला लोक कचरतात. बोलायला हवं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्याच आराखड्यात म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांच्या मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटू शकतं, तशाच दुचाकीचं ३ ते ४, आणि नव्या जुळवलेल्या गाडीचं १ ते २. तुमची गाडी आठ-दहा वर्षं जुनी असेल तर लिटरला १०४ देऊन तुम्ही जुन्या हिशोबाने ११० च्या आसपास देताय. बिनइथेनॉलच्या पेट्रोलशी आपल्या पेट्रोलची तुलना करायची तर लिटरवर न करता किलोमीटरवर केलेली बरी.

खिशाचा प्रश्न राहिला. जागतिक बँकेच्या २०२३ च्या आकड्यांत भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास आहे, नेपाळ आणि पाकिस्तानचं चौदाशेच्या आसपास. म्हणजे त्यांचा भाव आपल्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी असला तरी तिथल्या माणसाला तो जास्त टोचतो. जून २०२२ मध्ये नेपाळात किमान मासिक वेतन १५,००० नेपाळी रुपये होतं. १९९ च्या भावाने महिन्याच्या अख्ख्या पगारात ७५ लिटर पेट्रोल. रोज मोटारसायकलवर कामाला जाणाऱ्याने त्यातलं किती जाळायचं आणि घरी काय न्यायचं? याचा अर्थ आपल्याकडे सगळं छान आहे असा नाही. एमआयडीसीत यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्याला आपलं शंभरीपारचं पेट्रोल तितकंच टोचतं. सरासरी उत्पन्नात तो कुठे दिसत नाही.

इथवरचं थोडक्यात: करापूर्वीचा भाव सगळ्या शेजाऱ्यांना जवळपास सारखाच पडतो, कारण सगळे एकाच बाजारातून घेतात. बोर्डावरचा फरक करातून, चलनातून आणि तोटा कुणावर टाकला यातून येतो. तुलना करायची तर एकाच दिवसाचे भाव घ्या, त्या दिवसाचा विनिमय दर घ्या आणि देशाची राजधानी न घेता आपलं गाव घ्या. दिल्ली आणि सोलापूर यांच्यातच नऊ-दहा रुपयांचा फरक असतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्याकडे पेट्रोलवर कर जास्त आहे, आणि हे म्हणायला भूतानचा दाखला लागत नाही. शंभराच्या नोटेतले चव्वेचाळीस-पंचेचाळीस रुपये कराचे, हा आकडा पुरेसा आहे. भांडायचं तर त्या आकड्यावर भांडा. भूतानचा दाखला दिला की समोरचा लंकेचा दाखला देतो, आणि आपल्या करावर कुणीच बोलत नाही. ‘जीएसटीत आणा म्हणजे स्वस्त होईल’ असंही पंपावर रोज ऐकतो. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू या पाच गोष्टी जीएसटीच्या बाहेर आहेत, आणि त्यांना आत आणायला जीएसटी परिषदेत राज्यांची संमती लागते. ज्या राज्याच्या तिजोरीत लिटरमागे पंचवीस रुपये येतात, ते राज्य स्वतःहून हात वर करेल असं मला वाटत नाही, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

आता तुमची टाकी. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत नागपूर आणि पुढे जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली असा रस्ता तुम्ही लिहिलाय, तो बरोबर आहे. यात खरी बचत नेपाळात नाही, आपल्याच राज्यांच्या हद्दींवर आहे. मध्य प्रदेशात पेट्रोल गेली काही वर्षं आपल्यापेक्षाही महाग असतं आणि उत्तर प्रदेशात आपल्यापेक्षा आठ-नऊ रुपयांनी स्वस्त. म्हणून नागपुरात टाकी फुल करा. मध्य प्रदेशात गरजेपुरतंच टाका. रीव्याच्या पुढे चाकघाटला हद्द संपते, तिथून उत्तर प्रदेशात शिरलात की निवांत भरा. सोनौलीच्या अलीकडे पुन्हा एकदा फुल करून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी तेल कंपनीच्या ॲपवर त्या त्या शहराचा भाव बघा, कारण कर कधी बदलेल याचा नेम नसतो.

सोनौलीला गाडीचा भन्सार, म्हणजे परवाना, काढायला थांबाल तेव्हा नेपाळचा त्या दिवसाचा भाव विचारा आणि १.६ ने भागा. आलेला आकडा गोरखपूरच्या भावापेक्षा कमी असेल तर पलीकडे भैरहवात भरा, जास्त असेल तर आहे त्या टाकीवर पुढे चला. काठमांडू आणि पोखऱ्याचा भाव तराईतल्या, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागातल्या, गावांपेक्षा थोडा जास्त असतो, वाहतुकीचा खर्च धरून तीन गटांत दर लावतात, त्यामुळे भरायचंच तर घाट चढायच्या आधी भरलेलं बरं. घाटात ॲव्हरेज पडतं, मैदानातलं धरून चालू नका. आणि स्वस्त मिळतंय म्हणून कॅनमध्ये भरून सीमा ओलांडू नका, या बाजूला नाही आणि त्या बाजूलाही नाही. गाडीच्या टाकीतल्या इंधनावर कुणी हरकत घेत नाही, कॅनवर घेतात. शिवाय डिक्कीत पेट्रोल आणि मागच्या सीटवर घरची माणसं, हे मी माझ्या गिऱ्हाइकालाही करू देत नाही.

चाळीस लिटरच्या टाकीवर चांगल्यात चांगला फरक पडला तरी एका भरण्यामागे चारशे रुपये वाचतील. मुक्तिनाथही करणार असाल तर ते पैसे त्या रस्त्यावर टायरसाठी राखून ठेवा, आणि स्टेपनीतली हवा घरून निघण्यापूर्वीच तपासून घ्या.